गच्चीवरची भाजीबाग : मार्च ते मार्च, कामाच्या नोंदी

जागा म्हणजे दिवसाला सहा-सात तास थेट ऊन मिळणारी गच्ची आणि पाण्याचा एक नळ. अट एकच ठेवली: ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि बागेला लागणारं खत त्यातूनच काढायचं. तारखा दिल्या आहेत त्या वेळेचा अंदाज यावा म्हणून. पाऊस आणि थंडी तुमच्याकडे कधी येते त्याप्रमाणे त्या मागेपुढे होतील, क्रम मात्र हाच ठेवा.

४ मार्च

बियाणं आणि कुंड्या यांच्या आधी खत. ओला कचरा मुरून वापरण्याजोगा व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि जूनच्या पेरणीला तो तयार हवा. झाकणाचे ५० लिटरचे दोन ड्रम घेतले. एक भरत जायचा, दुसरा मुरत ठेवायचा. बाजूंना दर १० सेंटिमीटरवर ८ मिलिमीटरचं भोक, तळाला दहा-बारा भोकं. माश्यांसाठी आतून बारीक जाळी चिकटवली. ड्रम विटांवर, खाली परात.

तळाशी १५ सेंटिमीटर काड्या आणि सुकी पानं. त्यावर रोजचा कचरा, आणि एक डबा कचऱ्याला दोन डबे सुकी पानं. हे डब्याने मोजूनच टाकायचं, अंदाजाने टाकलं की सुकं हमखास कमी पडतं. भाजीपाल्याच्या देठा-सालींत एक भाग नायट्रोजनमागे १५ ते २० भाग कार्बन असतो, सुक्या पानांत ४० ते ८०. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० लागतो.

१७ मार्च

ड्रमला वास सुटला. वास दोन प्रकारचे असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे सुकं कमी पडलं. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा पोचत नाही. हा दुसरा होता.

ड्रम ताडपत्रीवर उपसला. मधला थर चिकट आणि ओलागच्च, फळांच्या जाड साली एकीवर एक चपट्या बसलेल्या. प्रमाण बरोबर होतं, पण पानं हाताने चुरून अगदी भुगा करून टाकली जात होती. भुगा पाणी शोषतो, फटी मात्र बुजवतो. बोटाएवढ्या काड्या, पुठ्ठ्याचे तुकडे, नारळाच्या शेंड्या असं जाडंभरडं त्यात मिसळलं, साली चिरून घातल्या आणि सगळं परत भरलं. दोन-तीन दिवसांत वास गेला. सुक्या मालातला निम्मा भाग भरडच हवा, असं इथून पुढे ठरवलं.

वासावर जिवाणू-कल्चरची पुडी टाकायला सांगतात. हवा नसेल तर पुडीतल्या जिवाणूंचाही उपयोग होत नाही. आधी हवा.

ओल तपासायची ती मूठ दाबून. एक-दोन थेंब सुटले तर ठीक. धार लागली तर सुकं घाला, मूठ उघडताच माल भुरभुर सुटला तर पाणी शिंपडा.

२ एप्रिल

ड्रममध्ये जाड, करड्या, खंडदार अळ्या. या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. ती चावत नाही, अन्नावरही घोंघावत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. मारू नका. खूपच वाढल्या तर ड्रम जास्त ओला आहे असं समजा. चिलटं वेगळी, कचरा उघडा राहिला की ती येतात. प्रत्येक वेळी वर चार सेंटिमीटर सुका थर दिला की थांबतात.

परातीतलं तपकिरी पाणी ‘द्रवखत’ म्हणून झाडांना घालू नये. ते अर्धवट कुजलेल्या मालातून झिरपलेलं असतं आणि कोवळी मुळं जळू शकतात. सुक्या पानांवर ओतून पानांसकट परत ड्रममध्ये टाकलं.

२० एप्रिल

कुंड्यांच्या आधी वजनाचा हिशेब. एक चौरस मीटरवर २० सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे २०० लिटर. साधी बागेची माती भिजल्यावर लिटरला दीड किलोच्या वर जाते, म्हणजे तेवढ्याच जागेवर ३०० किलोहून जास्त. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि खत घालून हलकं केलेलं मिश्रण भिजून लिटरला किलोच्या आसपास राहतं, तरी २०० किलो होतातच. म्हणून सलग वाफे रद्द केले. मोठ्या कुंड्या खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेत, कठड्यालगत ठेवल्या, मधला भाग चालण्यापुरता मोकळा. स्लॅब किती भार पेलते हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच पुढे जा.

आकार असे ठरले: वेलांना ४० लिटर, टोमॅटो-वांग्याला २०, मिरचीला १०, पालेभाज्यांना २० सेंटिमीटर खोल ट्रे. टोमॅटो १० लिटरच्या कुंडीत जगतो, पण उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागतो आणि फळं लहान राहतात.

सगळ्यात जास्त पैसे या कुंड्यांवर गेले. रंगाचे रिकामे डबे चालतात, मात्र रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे डबे कितीही धुतले तरी भाजीसाठी नकोत.

२८ एप्रिल

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साधारण ७० लिटर होते. न धुता वापरू नये, त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असू शकतात. जुन्या सुती कापडात बांधून, पाणी भरून, तासाभराने निथळून टाकायचं, असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळेस पाण्याचा रंग फिका चहासारखा आला की पुरे.

मिश्रण: माती एक भाग, खत एक भाग, कोकोपीट एक भाग, भाताचं तूस अर्धा भाग. तूस नसेल तर जाड वाळू, पण मग वजन वाढतं. बारीक वाळू नको, ती मातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते.

मिरचीच्या बिया आजच ट्रेमध्ये पेरल्या. रोप लावण्याजोगं व्हायला पाच-सहा आठवडे लागतात.

१० मे

ठिबक. २०० लिटरची टाकी कुंड्यांपेक्षा एक मीटर उंच ठेवली, नळी फिरवली, ड्रिपर लावले. जवळच्या तीन-चार कुंड्यांत धार, मधल्यांत थेंब-थेंब, शेवटच्यांत काहीच नाही.

बाजारात चांगले म्हणून मिळणारे ड्रिपर दाबनियंत्रित असतात आणि ते नीट चालायला साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. एक मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम ०.१ बार मिळतो. संपूर्ण संच बाजूला ठेवावा लागला. त्याचे पैसे आणि एक आठवडा दोन्ही गेले. त्याऐवजी वरची टोपी फिरवून धार कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर लावले. नळीचं शेवटचं टोक बंद न करता सुरुवातीला आणून जोडलं. असं कडं केलं की दोन्ही बाजूंनी पाणी येतं आणि फरक बराच कमी होतो. उरलेला फरक प्रत्येक ड्रिपरखाली पाच मिनिटं वाटी ठेवून, मोजून काढला.

टाकीच्या तोंडाशी १२० मेशची (इंचाला १२० छिद्रांची) गाळणी लावा. टाकी किंवा नळी पारदर्शक असेल तर आत शेवाळ धरतं आणि भोकं तुंबतात, तेव्हा काळा रंग द्या किंवा झाका.

२५ मे

पहिला ड्रम तयार आहे का, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. चाचणी अशी: अर्धं खत, अर्धं कोकोपीट अशा वाटीत मुळ्याच्या दहा बिया, शेजारी नुसत्या कोकोपीटमध्ये दहा. मुळा चार दिवसांत उगवतो. खताच्या वाटीत आठापेक्षा कमी उगवल्या किंवा पानांच्या कडा पिवळ्या पडल्या तर खत कच्चं. इथे सहाच उगवल्या. माल चाळून जाडा भाग दुसऱ्या ड्रममध्ये टाकला, चाळलेला सावलीत पसरून दहा-बारा दिवस हवेशीर ठेवला आणि चाचणी पुन्हा घेतली. त्यानंतर ते वापरलं.

८ जून

पेरणी. भेंडीच्या बिया रात्रभर भिजवून, गवार आणि चवळी कोरडीच. शेंगवर्गीय बिया भिजवल्या की पाणी एकदम शोषून आत तडकतात आणि मग कुजतात. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून जास्त नाही. दुधी, दोडका आणि काकडी थेट ४० लिटरच्या कुंड्यांत, प्रत्येकीत तीन बिया. उगवल्यावर एक जोमदार ठेवून बाकीची रोपं मुळाशी कापायची. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात.

कुंड्यांमध्ये न पेरलेले टोमॅटो भराभर उगवत आहेत. बिया मरायला ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकावं लागतं, आणि ५० लिटरच्या ड्रममध्ये तेवढी उष्णता टिकत नाही. ती घनमीटरभर ढिगात टिकते. ही रोपं तण समजून काढली.

१९ जून

ट्रेमधली लाल माठाची रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. बुरशीचं काम आहे: दाट पेर, सतत ओला पृष्ठभाग, हवा खेळत नाही. पडलेली रोपं वाचत नाहीत. संपूर्ण ट्रे रिकामा केला. पुन्हा पेरताना बियाण्याच्या पाचपट कोरडी वाळू मिसळून विरळ टाकलं, वर अर्धा सेंटिमीटर वाळूचा थर दिला आणि ट्रे पत्र्याखाली, पण उजेडात ठेवला. पाणी खालून: ट्रे परातीत ठेवायचा, वरची वाळू ओली दिसली की उचलायचा.

९ जुलै

आठवडाभर संततधार. काही कुंड्यांतल्या मिरचीची खालची पानं पिवळी, शेंडे मलूल, माती मात्र चिंब. या सगळ्या कुंड्यांच्या तळाला निचऱ्यासाठी म्हणून खडीचा थर होता. खडी नसलेल्या शेजारच्या कुंड्या ठणठणीत.

खडीने निचरा वाढतो ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यावर थोडं थांबायला हवं. बारीक कणांच्या मातीतून पाणी खाली येतं, पण जाड कणांच्या थरापाशी अडतं. वरची माती पूर्ण भिजून जड झाल्याशिवाय ते खाली उतरत नाही. कुंडीच्या तळाशी नेहमीच काही सेंटिमीटरचा पाणथळ पट्टा असतो. खडी घातली की तो पट्टा तेवढा वर, म्हणजे मुळांत सरकतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब थांबल्यावर तोच उभा करा, आणखी पाणी पडेल. पट्ट्याची जाडी मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ ट्रे उंच कुंडीपेक्षा जास्त ओले राहतात, आणि खडी भरलेली उंच कुंडी उथळ होऊन बसते.

रोपं मातीच्या गोळ्यासकट काढली, खडी टाकून दिली, तळापर्यंत एकच मिश्रण भरलं, भोकावर फक्त जाळीचा तुकडा. ट्रेंना बाजूंनी, तळापासून दोन सेंटिमीटरवर भोकं पाडली. स्लॅबवर सपाट टेकलेल्या कुंड्यांची भोकं आपोआप बंद होतात, त्या विटांच्या तुकड्यांवर उचलल्या. मुळं काळी आणि मऊ झालेली रोपं गेली. पांढरी मुळं शिल्लक होती ती पंधरवड्यात सावरली.

३० जुलै

पावसाने नायट्रोजन धुपून जातो, पानं फिकट होतात. जूनमध्ये भरपूर खत घालून ठेवण्यापेक्षा २० लिटरच्या कुंडीला दर तीन आठवड्यांनी दोन मुठी बरं. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवल्या. डासाची अंड्यापासूनची वाढ साधारण आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ण होते, त्यामुळे साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी उपडं करायलाच हवं.

दहा चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी. गळती आणि उडणं धरून ऐंशीच्या वर हाती लागतं. पन्हळीचं पाणी टाकीत घेतलं, पहिल्या सरीचं मात्र सोडून दिलं, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

१४ ऑगस्ट

दुधीला फुलं भरपूर, फळ नाही. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे बहुतेक नर फुलंच येतात, तेव्हा घाई नको. पुढे मादी फुलं आली (देठाशी इवलं फळ असतं) तीही पिवळी पडून गळू लागली. परागीकरण होत नव्हतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. काकडी, कारलं, भोपळा आणि घोसाळ्याची सकाळी. सकाळी ब्रश घेऊन दुधीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सूर्य मावळताना ताजं नर फूल तोडलं, पाकळ्या काढल्या, पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवला. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. धरलेलं फळ तीन-चार दिवसांत फुगू लागतं.

मुख्य वेलाचा शेंडा सात-आठ पानांवर खुडायला हवा होता, दुधीची मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

६ सप्टेंबर

चवळीच्या शेंड्यांवर मावा, वर मुंग्यांची रांग. मुंग्या माव्याचा गोड स्राव खातात आणि त्याचं भक्षकांपासून रक्षण करतात. म्हणून आधी मुंग्या: कुंड्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात साबणाचा थेंब. मग पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस सलग. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या (लेडीबर्डच्या) अळ्या दिसू लागल्या की हात आवरायचा; त्या काळ्या-नारिंगी, काटेरी असतात आणि लोक त्यांनाच कीड समजून मारतात.

भेंडीवरच्या पांढऱ्या माशीसाठी कडुलिंबाचं तेल. पहिल्या फवारणीत पानांवर करपल्यासारखे डाग पडले, कारण तेल पाण्यात मिसळलंच नव्हतं, वर तरंगत होतं, आणि फवारणी उन्हात झाली. बरोबर रीत: ५ मिलिलिटर तेलात २ मिलिलिटर सौम्य द्रवसाबण आधी घोटायचा, कोमट पाणी चमचा-चमचा घालत दुधाळ करायचं, मग लिटरभर पाण्यात. संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. आधी एका पानावर मारून दुसऱ्या दिवशी पाहायचं.

काकडीच्या पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) आली. जुनी पानं काढून टाकली, दहा टक्के दुधाचं पाणी आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात मारलं. पसरणं थांबलं, आधीचे डाग तसेच राहिले.

१२ ऑक्टोबर

मेथी आणि मुळा लगेच पेरला. कोथिंबीर आणि पालक रात्री गार होईपर्यंत थांबवले. गरम मातीत कोथिंबीर नीट उगवत नाही आणि उगवली तर लवकर तुऱ्यावर येते. धना हलक्या हाताने रगडून दोन फाका करायच्या, प्रत्येक फाकेत एक बी असतं. उगवायला आठ ते पंधरा दिवस, तोवर धीर धरा. सगळे ट्रे एकदम भरू नका, दर दहा-बारा दिवसांनी एक.

गाजर रोप करून लावता येत नाही, मूळ फाटतं. जागेवरच पेरलं आणि कोंब दिसेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकलं. कोंब दिसल्याच दिवशी गोणपाट काढायचं.

टोमॅटोची रोपं खालची पानं खुडून खोल लावली, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. काठी त्याच दिवशी रोवली, नंतर रोवली की मुळं तुटतात.

१५ डिसेंबर

टोमॅटोच्या पहिल्या घोसातल्या फळांची बुडं काळी, चामड्यासारखी. रोग नाही, फळात कॅल्शियम पोचलं नाही. मातीत ते असतं, पण झाडात पाण्याबरोबरच वर जातं, आणि कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस चिंब असली की पुरवठा तुटतो. अंड्याची टरफलं घालून या हंगामात काही होत नाही, ती विरघळायला फार वेळ घेतात. थंडीत ठिबक दिवसाआड केलं होतं ते रोज थोडं केलं, वर पाच सेंटिमीटर पाल्याचं आच्छादन दिलं, खोडापासून चार बोटं दूर. काळी फळं काढून टाकली. पुढचे घोस स्वच्छ आले.

फुलोऱ्यात दुपारच्या सुमारास काठीला टिचक्या मारल्या. टोमॅटो स्वपरागित आहे, वारा नसेल तर एवढं पुरतं.

२५ जानेवारी

बियाणं. हायब्रिडच्या बिया धरून उपयोग नाही, पुढची पिढी सारखी येत नाही. सरळ (संकरित नसलेल्या) वाणाच्या टोमॅटोचा गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवला. बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं आणि चांगल्या बिया तळाशी बसतात. चौथ्या दिवशी ठेवल्या तर तिथेच मोड येतात. भेंडीच्या शेंगा झाडावरच वाळू दिल्या. मिरचीचे दोन वाण शेजारी होते, कीटकांमुळे संकर होतो, म्हणून त्यांचं बी ठेवलं नाही. सावलीत वाळवून, काचेच्या बाटलीत सिलिका जेलबरोबर, फ्रिजमध्ये. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की साठवणीचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, तेव्हा नीट वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं.

५ मार्च

ऊन चढलं. दिवसाचं तापमान पस्तिशीकडे गेल्यावर टोमॅटोची फुलं गळतात, खत घालून ती टिकत नाहीत. ती झाडं काढली. मिरची-वांग्यावर ३५ टक्के सावलीची जाळी, पालेभाज्यांवर ५० टक्के. पश्चिमेकडच्या काळ्या कुंड्यांना पांढरा रंग दिला. कडेची मुळं उष्णतेने भाजतात.

दुपारी पानं मलूल दिसली की पाणी ओतायचा मोह होतो. आधी बोट पाच सेंटिमीटर खाली घाला. ओल लागली तर झाडाला सावली हवी आहे, पाणी नाही. चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि झाड आणखीनच सुकतं. संध्याकाळी पानं आपोआप उभी राहिली तर काही करू नका.

दोन कुंड्यांत मातीवर पांढरी साय दिसली. त्यांना आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी जात होतं, त्यात क्षार जास्त असतात. ते लादी पुसायला वळवलं. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पावसाचं पाणी हळूहळू सोडून क्षार धुतले.

२२ मार्च

रिकाम्या कुंड्यांचं मिश्रण वर्षभरात चार-पाच सेंटिमीटर खाली बसलं आहे आणि घट्ट झालं आहे. ताडपत्रीवर काढून मुळं वेचली, आणि रोगजंतू उन्हाने मरावेत म्हणून ओलं करून १५ सेंटिमीटर जाडीत पसरलं आणि पारदर्शक प्लास्टिकने कडा बंद करून झाकलं. काळं प्लास्टिक नको, खालची माती त्याने कमी तापते. कडक उन्हात चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. उघडल्यावर चार भागांना एक भाग ताजं खत आणि अर्धा भाग तूस. टोमॅटोच्या कुंड्यांत या जूनला त्याच्याच कुळातली मिरची-वांगी नाहीत, चवळी किंवा भेंडी. कुंड्यांवर खडूने पीक लिहिलं होतं ते पावसात पुसलं गेलं, या वेळी ऑइलपेंटने नंबर टाकले आणि यादी वहीत ठेवली.